अन्हिंगा आणि अ‍ॅलिगेटर: एव्हरग्लेड्समधली एक सकाळ

"मावशी, हा खरंच जिवंत आहे ना?" भाची कठड्यावर हनुवटी टेकवून कुजबुजली. दहा मिनिटं झाली होती, समोरचा अ‍ॅलिगेटर, आपल्या मगरीचा भाऊबंद, तसूभरही हलला नव्हता.

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मायामीत मामेबहिणीकडे मुक्काम होता. तिथून तास-सव्वा तासावर एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क. त्यातल्या रॉयल पाम भागात अन्हिंगा ट्रेल आहे, जाऊन-येऊन जेमतेम सव्वा किलोमीटरची पायवाट. एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे तिथल्या कोरड्या हंगामाचा शेवट. आजूबाजूची दलदल आटली की मासे, पक्षी आणि अ‍ॅलिगेटर उरलेल्या खोल पाण्यापाशी गोळा होतात. गाड्या लावतात तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या होत्या. काळी गिधाडं वायपरचं आणि काचांभोवतीचं रबर ओरबाडतात, म्हणून गाडी झाकून मगच आत जायचं.

मी सांगलीची. कृष्णाकाठच्या मळीत ऊन खात पडलेल्या मगरी लहानपणापासून बघत आले आहे, त्यामुळे नजर आधी जबड्याकडे गेली. आपल्या मगरीचं तोंड मिटलेलं असलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटरचे खालचे दात वरच्या जबड्याच्या आत जाऊन बसतात, बाहेरून दिसतात ते फक्त वरचे. रंगही मातकट नाही, ओल्या कोळशासारखा. जबड्याच्या कडेनं मोहरीहून बारीक काळे ठिपके होते. अंधारात पाण्यावर एक थेंब पडला तरी त्याची लहर या ठिपक्यांना जाणवते.

तेवढ्यात त्याची कूस फुगली. "बघ, श्वास घेतला!" मी भाचीला म्हटलं. याच श्वासासाठी मी इथवर आले होते. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेनं आत जाते त्याच वाटेनं परत येते. अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसात मात्र हवा बारीक नळ्यांतून एकाच दिशेनं वाहत राहते, श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही. पक्ष्यांचं असंच असतं. युटा विद्यापीठाच्या कोलीन फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2010 मध्ये हे दाखवून दिलं. हवा ओढायची रीतही न्यारी आहे. कमरेच्या हाडापासून यकृतापर्यंत गेलेला एक स्नायू यकृताला मागे खेचतो आणि फुप्फुसांना फुगायला जागा होते, पिचकारीचा दट्ट्या ओढावा तशी.

हा स्नायू काय करू शकतो ते लगेच डोळ्यांसमोर घडलं. नाकपुड्या मिटल्या. डोळ्यावरून एक पारदर्शक पडदा सरकला. आणि तो बुडाला. पाय मारले नाहीत, शेपूट हलवली नाही, पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही. यकृताबरोबर फुप्फुसंही मागे सरकतात, अंगाचा तोल बदलतो आणि डोकं अलगद खाली जातं. सावज काठावर उभं असताना याचा अर्थ काय होतो, या विचारानं अंगावर काटा आला.

पाण्याखाली गेल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात. आपल्यासारखेच त्यालाही हृदयाचे चार कप्पे आहेत, पण उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून एक जास्तीची महाधमनी निघते. फुप्फुसाकडे जाणारी वाट एका झडपेनं आवळली की रक्त तिकडे न जाता परत अंगात फिरतं. निवांत असेल तर तासाहून जास्त वेळ तो खाली राहू शकतो.

त्याच पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक अन्हिंगा पंख पसरून बसला होता. या पक्ष्याची पिसं पाणी धरतात, म्हणून प्रत्येक बुडीनंतर त्याला ती वाळवावी लागतात. मी भाचीला विचारलं, "या अ‍ॅलिगेटरचं जवळचं नातं कोणाशी असेल, पालीशी की या पक्ष्याशी?" ती पटकन म्हणाली, "पालीशी." मी फांदीकडे बोट दाखवलं. चार कप्प्यांचं हृदय, एका दिशेनं वाहणारा श्वास, घरटं बांधून त्यावर पहारा देणारी आई. मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते, तो कुजतो आणि ऊब देतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही ती ऊबच ठरवते. तीस अंशांच्या आसपास माद्या होतात, तेहेतीसच्या आसपास बहुतेक नर.

परत फिरलो तेव्हा पलीकडच्या डबक्यात एका मोठ्या नरानं डोकं आणि शेपूट पाण्याबाहेर उचललं. आवाज अजून आलाच नव्हता, पण त्याच्या पाठीवरचं पाणी तापल्या तव्यावर शिंपडल्यासारखं थुईथुई उडायला लागलं. आपल्या कानाला न ऐकू येणारा खर्ज होता तो. मग हुंकार आला, लांबलचक, पोटातून निघालेला. दुसरीकडून उत्तर आलं, मग तिसरीकडून. भाचीनं माझा हात धरला आणि कठड्यावर दाबून ठेवला. लाकूड थरथरत होतं.

वर फांदीवर अन्हिंगा तसाच पंख पसरून बसला होता.