वाफ्याच्या कडेची तुळस

आमच्या इंदूरच्या घरी तुळशी दोन जातींच्या. एक वृंदावनातली, आईची. तिला दिवा, हळदकुंकू, कार्तिकात लग्न, थंडीत अंगावर जुना पंचा. दुसऱ्या, कंपाउंडच्या भिंतीलगत वाफ्याच्या कडेने उगवलेल्या. आई वाळक्या मंजिऱ्या तिकडे झटकते, पहिल्या पावसात बी रुजतं. त्या लावल्या कुणीच नाहीत, म्हणून माझ्या.

मी त्यांच्यासाठी केलं एवढंच, की कडेला विटा लावून माती वीतभर उंच केली. माळव्याची काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि तुळशीची मुळं कुजतात. थंडीने काळवंडल्या तर फेब्रुवारीअखेर छाटते. बुंध्यातून पुन्हा फुटतात. सगळ्या नाही.

वाद मंजिऱ्यांचा. "खुड गं, काटकुळ्या होतील!" आईचं चूक नाही. झाड बी धरायला लागलं की पानं बारीक होतात. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. पण मंजिरीच खुडली तर मधमाश्यांनी यायचं कशाला?

सकाळी ऊन भिंतीवरून उतरलं की आधी इवल्या फुलोरी माश्या येतात. मग ती येते, पोटावर निळे पट्टे असलेली. बसते कमी, फुलासमोर भुणभुणत तरंगते जास्त. ही पोळं बांधत नाही, प्रत्येक मादी मातीत आपलं वेगळं बीळ करते. तुळशीवर मध प्यायली की शेजारच्या वांग्यावर जाते. वांग्याच्या फुलात मध नसतोच, आणि पराग टोकाच्या बारीक भोकात कोंडलेला. ही फुलाला लटकून अंग असं थरथरवते की पराग पिठासारखा खाली पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. गेल्या वर्षी वांगी भरपूर लागली. ती हिच्यामुळे की शेणखतामुळे, यावर घरात दोन पक्ष आहेत. भरीत मात्र दोघांनी खाल्लं.

परवा दिवेलागणीला आईला हाताला धरून तिथे नेलं. वाळक्या काडीवर निळ्या पट्ट्यांचे नर ओळीने झोपलेले. जबड्याने काडी चावून धरायची आणि तसंच लोंबकळत रात्र काढायची, ही त्यांची झोप. आईने चष्मा सारखा करून मोजले.

"सात," ती म्हणाली. मग हळूच, "बायका कुठायत?"

"आपापल्या घरी, बिळात."

"बरोबर आहे," म्हणाली, आणि वृंदावनाशी दिवा लावायला गेली.