परदेशी रीमेक पाहावा का? ‘शॅल वुई डान्स’च्या निमित्ताने

प्रेमकथेचा परदेशी रीमेक पाहावा का, या प्रश्नाला ‘मूळ चित्रपट असताना नक्कल कशाला’ असे उत्तर देऊन मोकळे होणे मला पटत नाही. दोन माणसे एकमेकांकडे ओढली जातात, एवढा भाग जगभर सारखाच असतो. त्यांच्या आड काय येते, ते मात्र त्या त्या मुलखाचे असते. म्हणून रीमेक पाहताना मी हेच शोधते की कथा दुसऱ्या देशात नेताना दिग्दर्शकाने तिथला अडसर हुडकून काढला आहे, जुनाच उचलून आणला आहे, की तो वाटेतच टाकून दिला आहे. ‘सैराट’ (२०१६) आणि त्यावरून हिंदीत आलेला ‘धडक’ (२०१८) हे दोन्ही पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यातली कथा उदयपूरला गेली, तेव्हा जातीचा काच सैल झाला आणि कथेचे बळही त्याबरोबर ओसरले.

‘शॅल वुई डान्स’ या चित्रपटाच्या दोन्ही आवृत्त्या मात्र पुन्हा पुन्हा पाहाव्यात अशा आहेत, आणि आम्हा गोव्यातल्या माणसांनी तर त्या आवर्जून पाहाव्यात. मूळ चित्रपट जपानी, १९९६ चा, मासायुकी सुओ यांचा. कोजी याकुशो यांनी रंगवलेला सुगियामा हा हिशेबखात्यातला चाळिशीतला कारकुनी माणूस. बायको आहे, मुलगी आहे, कर्ज काढून बांधलेले घर आहे, आणि रोज संध्याकाळी तीच लोकल आहे. त्या लोकलमधून त्याला नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली एक उदास तरुणी दिसते. एके दिवशी तो मध्येच उतरतो, जिना चढतो आणि बॉलरूम नृत्याच्या वर्गात नाव घालतो. ही गोष्ट तो घरी सांगत नाही आणि कचेरीतही कोणाला कळू देत नाही. ज्या समाजात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचा हातसुद्धा धरत नाहीत, तिथे परक्या स्त्रीच्या कमरेला हात लावून नाचायला शिकणे म्हणजे काय, याची कल्पना परदेशी प्रेक्षकांना यावी म्हणून त्यांच्यासाठीच्या आवृत्तीत प्रारंभी निवेदनच जोडलेले आहे.

फोंड्याच्या आमच्या घरात त्या निवेदनाची गरज कोणालाच भासली नाही. आमच्याकडे बायका धालो (अंगणातला गाण्यांचा नाच) आणि फुगड्या घालतात, पुरुष शिगम्यात, म्हणजे शिमग्यात, नाचतात, आणि दोघांची अंगणे वेगळी असतात. माझ्या आत्यांना तर सुगियामाने हे का लपवले असा प्रश्नच पडला नाही. त्यांना पडलेला प्रश्न एवढाच होता, की बायकोला शर्टाला अत्तराचा वास आला तेव्हाच तिने सरळ का विचारले नाही. याउलट मडगावची माझी एक मैत्रीण, जिच्या घरच्या लग्नांत बँड सुरू झाला की आजी-आजोबाही जोडीने उठून वॉल्ट्झ नाचतात, ती अर्धा चित्रपट होईपर्यंत कोड्यात पडली होती. नाचायला शिकण्यात लपवण्यासारखे काय आहे, असे तिने मला अगदी मनापासून विचारले. मडगाव आणि फोंडा यांच्यामधले अंतर बसने तासाभराचेही नाही. मांडोसारख्या गोव्यातल्या नाचात तर स्त्री-पुरुष समोरासमोर येतात, पण एकमेकांना स्पर्श करत नाहीत. म्हणजे या दोन टोकांच्या मधली जागाही आपल्याच भूमीत आहे.

आता अमेरिकेतला रीमेक, २००४ चा, पीटर चेल्सम यांचा. टोकियोच्या जागी शिकागो, कारकुनाच्या जागी रिचर्ड गेर यांचा वकील, आणि खिडकीत जेनिफर लोपेझ. शिकागोत नाचण्याची लाज कोणाला वाटणार? पहिला अर्धा भाग पाहताना वाटते, की कथेचा कणाच काढून घेतला आहे. स्टॅन्ली टुची यांचे पात्र तेवढे याला अपवाद आहे. कचेरीत ते पक्के मर्दानी खेळवेडे म्हणून वावरते आणि रात्री केसांचा टोप घालून लॅटिन नाच करते. पुरुषांनी भरलेल्या कचेरीत चेष्टा होण्याचे भय अमेरिकेतही तितकेच खरे असल्यामुळे मूळ चित्रपटातली ही व्यक्तिरेखा तिथे सहज रुजली आहे.

पण मुख्य पात्राचे काय? इथे चेल्सम यांच्या चित्रपटाने एक काम मनापासून केले आहे, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच दिले जाते. वकील जेव्हा बायकोपुढे उघडा पडतो, तेव्हा तो सांगतो की आपल्याकडे इतके सगळे असताना आणखी सुखी व्हावेसे वाटते, याचीच त्याला लाज वाटत होती. जपानी कारकुनाला नाचाची लाज होती. या माणसाला आपल्या असमाधानाची आहे. जिथे सुखी असणे हे जणू कर्तव्यच मानले जाते, तिथल्या माणसाला शोभणारी ही लाज आहे. दुर्दैव असे, की ती फार उशिरा आणि मोजक्या वाक्यांत येते. पहिल्या प्रसंगापासून ती त्याच्या वागण्यात मुरवली असती, तर हा चित्रपट मूळ चित्रपटाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला असता.

दुसरा मोठा बदल बायकोच्या भूमिकेत आहे. सुओंच्या चित्रपटात ती गुप्तहेर नेमते, सत्य कळल्यावर गप्प राहते, आणि नृत्य सोडून बसलेल्या नवऱ्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न होतो तो घराच्या अंगणात, मुलीच्या आग्रहाने, दोघांच्या अवघडलेल्या पावलांनी. खिडकीतल्या त्या तरुणीच्या निरोपाच्या समारंभाला मात्र तो एकटाच जातो. रीमेकमध्ये सुझन सरँडन यांच्या वाट्याला विवाह म्हणजे एकमेकांच्या आयुष्याला साक्षी राहणे, असे सांगणारा संवाद आला आहे, आणि नवरा गुलाबाचे फूल घेऊन, सरकत्या जिन्याने, तिच्या कामाच्या जागी तिला न्यायला येतो. हा प्रसंग गोड आहे. सरँडन यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, त्यासाठी मी तो पुन्हा पाहीन. तरीही माझे मत अंगणातल्या त्या नाचालाच आहे. तिथे कोणी क्षमा मागत नाही आणि प्रेमाची कबुलीही देत नाही, आणि इतक्या वर्षांत एकमेकांना हात न लावलेली दोन माणसे एकमेकांचा हात धरतात.

जिथे अडसर समाजाचा नसतो, तिथे रीमेकला वाट सोपी असते. ‘इल मारे’ हा २००० चा कोरियन चित्रपट आणि त्यावरून २००६ मध्ये अमेरिकेत झालेला ‘द लेक हाऊस’, या दोन्हींत प्रेमिकांच्या आड येतो तो काळ. एकाच घरात वेगवेगळ्या वर्षी राहणारी दोन माणसे टपालपेटीतून एकमेकांना पत्रे लिहितात. काळाला देश नसतो, म्हणून ती कथा समुद्रकाठावरून तळ्याकाठी नेली तरी तुटत नाही. अशा वेळी कोणता चित्रपट आधी पाहिला, याने मला फारसा फरक पडत नाही. ‘शॅल वुई डान्स’च्या बाबतीत मात्र पडतो. आधी जपानी पाहावा, कारण तो पाहिल्यावरच रीमेकमध्ये काय गळले आणि काय नव्याने शोधले गेले, हे दिसते. उलट्या क्रमाने पाहिले, तर जपानी चित्रपटातला संकोच उगाचच ताणलेला वाटण्याचा धोका आहे.

हा चित्रपट गोव्यात कोणी पुन्हा केला, तर मी तो पहिल्या दिवशी पाहीन. पणजीच्या सरकारी खात्यातला फोंड्याचा लेखनिक, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसच्या खिडकीतून दिसणारी वरच्या मजल्यावरची नृत्यशाळा, आणि गावातल्या भजनी मंडळाला कळले तर काय, ही धास्ती. इथपर्यंत सारे जपानी मूळ कथेशी जुळते. शिकवणारी सासष्टीची, म्हणजे मडगावच्या बाजूची, असेल, तर तिला त्याच्या लपवण्याचा अर्थच लागणार नाही. एकाला जी लाज वाटते ती दुसरीला ठाऊकच नाही, हा अडसर सुओंच्या चित्रपटात नाही आणि चेल्सम यांच्याही नाही. तो दाखवायला गोव्याचाच दिग्दर्शक हवा.