तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलासमोरचे निळे चित्र

घरी येणारे बहुतेक जण माझ्या टेबलासमोरच्या चित्राकडे पाहून एकच प्रश्न विचारतात: मृत्यूचे चित्र रोज डोळ्यांसमोर कशाला हवे? आजवर मी काहीतरी बोलून विषय बदलत आले. तुम्ही आस्थेने विचारलंत म्हणून नीट सांगते.

हे चित्र योआकिम पाटिनिर या फ्लेमिश चित्रकाराचे. त्याचा मृत्यू १५२४ मधला, आणि हे चित्र त्याच्या अखेरच्या काही वर्षांतले. जेमतेम एक मीटर रुंदीच्या लाकडी फळीवर तैलरंगांत रंगवलेले मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. माझ्याकडे आहे ती छापील प्रत. ग्रीक पुराणकथांमधला नावाडी केरॉन एका आत्म्याला होडीतून मृतांच्या लोकाकडे नेणाऱ्या स्टिक्स नदीपार नेतो आहे. डाव्या हाताला स्वर्ग, उजव्या हाताला नरक, आणि मध्ये क्षितिजापर्यंत पसरलेले निळे-हिरवे पाणी. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२१ मध्ये आपल्या रोजनिशीत पाटिनिरला चांगला निसर्गचित्रकार म्हटले होते. ते किती खरे आहे, हे त्या पाण्याकडे पाहिले की पटते.

तरीही माझी नजर दर वेळी होडीतल्या त्या इवल्याशा, उघड्या देहाच्या आकृतीवरच जाऊन थांबते. केरॉन तिच्या कितीतरी पट मोठा आहे. डावीकडे एक देवदूत स्वर्गाकडे जाणारी अरुंद, खडकाळ वाट दाखवतो आहे, पण आत्म्याचा चेहरा वळला आहे तो उजवीकडे, कारण त्या काठावर आधी झाडी दिसते, फळे आणि पक्षी दिसतात; नरकाच्या दाराशी बसलेला तीन तोंडांचा कुत्रा आणि त्यामागची आग बरीच आत आहे. चित्रकाराने आपल्याला उंचावर उभे केले असल्यामुळे ती आग आपल्याला स्पष्ट दिसते. होडीतून मात्र फक्त काठ दिसत असणार.

वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले, ते पुन्हा आमच्याकडे वळवले नाही. ते रागावले आहेत, असे मी कित्येक महिने धरून चालले होते आणि त्याचा सल मला फार होता. हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा प्रथमच वाटले की त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली नसेल. त्यांना त्या बाजूला काहीतरी दिसत असेल, आणि मी ज्या जागी उभी होते तिथून ते मला दिसणे शक्यच नव्हते. पाटिनिरला बहुधा हे सांगायचे नसावे. त्याच्या काळचा प्रेक्षक या चित्रात सोप्या वाटेच्या मोहाबद्दलचा इशारा वाचत असणार, आणि तो अर्थ मी नाकारत नाही. पण मी टेबलाशी बसते तेव्हा इशाऱ्यापेक्षा ती वळलेली मान मला अधिक जवळची वाटते, आणि होडी अजून मधल्या पाण्यातच असते.