पैशाची काळजी कूस बदलते

रविवार, रात्री उशिरा

पंचविशीत महिनाअखेर जवळ आली की पोटात गोळा यायचा. आता तसं होत नाही. पगार होतो, हप्ते जातात, थोडंफार शिल्लकही पडतं. तरी पैशाचा विचार तेव्हापेक्षा जास्त येतो. तेव्हा प्रश्न असायचा, या महिन्यात भागेल का? आता असतो, कमावती वर्षं किती उरली?

आज पुन्हा वही काढून आकडेमोड केली. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते ढोबळमानाने कळतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली हा आडाखा व्याजासाठी नोंदवून ठेवला होता. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षं. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी जो घरखर्च आहे तो सत्तावन्नाव्या वर्षी दुप्पट, एकोणसत्तराव्या वर्षी चौपट, आणि तोही राहणीमान तेच ठेवून. तरुणपणी हेच गणित फक्त व्याजासाठी मांडायचो, तेव्हा फार गोड वाटायचं.

जोखमीचंही तसंच. गुंतवणूक ५० टक्के पडली तर मूळ पदावर यायला ती १०० टक्के वाढावी लागते. तिशीतही हे असंच होतं, पण तेव्हा वाट बघायला हाताशी वर्षं होती. आता बाजार वर आहे की खाली, यापेक्षा हा पैसा मला कधी लागणार, हे आधी बघतो. चार-पाच वर्षांत लागणारा पैसा चढउताराच्या जागी ठेवत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो.

नव्या वस्तूंची हौस आपोआप कमी झाली. उलट दात, डोळे, गुडघे यांवरचा खर्च पुढे ढकलावासा वाटत नाही. एकाच आठवड्यात वडिलांच्या तपासण्यांचं बिल आणि मुलीच्या फीची पावती हातात येते. फ्रँको मोदिल्यानींना १९८५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीत माणूस तरुणपणी उसनं घेतो, मधल्या वयात साठवतो आणि म्हातारपणी साठवलेलं खर्चतो. रेषा अगदी सुबक आहे. पण साठवायच्या याच वयात मागची आणि पुढची, दोन्ही पिढ्या आपल्यावर विसंबून असतात. त्याचा मला जाच वाटत नाही. वडिलांना बिलाचा आकडा न सांगता औषधं आणून देता येतात, यासाठीच तर इतकी वर्षं कमावलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फाइलवर. पहिल्या पानावर लिहून काढलं: कुठलं खातं कुठे, विम्याचे क्रमांक, वारस म्हणून कुठे कोणाचं नाव, कर्ज किती बाकी. मी नसलो तर हे कोणाला सापडणार, हा विचार तिशीत कधी शिवलाही नव्हता. बायकोने पान शांतपणे वाचलं. "घराच्या कर्जाला विमा आहे ना?" तिने विचारलं. आहे म्हटल्यावर समासात स्वतःच्या अक्षरात तशी नोंद केली. मग म्हणाली, "हे तुझं झालं. माझा पगार, माझी खाती, माझा फंड, यातलं तुला काय काय माहीत आहे?"

पुढच्या रविवारी तिचं पान.