भोर–मांढरदेवी–वाई सायकलवर: कुणी ‘शॉर्टकट’ म्हणालं तर ऐकू नका

पुण्याहून पाचगणीला सायकलवर जायचं ठरवलंत आणि कुणी म्हणालं, ‘हायवेनं कशाला मरताय, भोरवरून मांढरदेवी मारा, सरळ वाईत उतराल’, तर त्याला आधी एवढंच विचारा की बाबा, तू कशावर बसून गेला होतास? आम्ही हे विचारलं नाही. आमचा सल्लागार बुलेटवर गेला होता. हे आम्हाला मांढरदेवीला चढणाऱ्या आंबाडखिंड घाटाच्या मध्यावर, एका हाताने झाड धरून त्याला फोन लावला तेव्हा कळलं.

आम्ही तिघं. मी, ऑफिसातला एक मित्र आणि आमच्या ग्रुपातले अठ्ठावन्न वर्षांचे काका. डिसेंबरातला शनिवार-रविवार. तिघंही अगदी नवखे नाही. महिन्यातून दोनदा सिंहगड, मधल्या वारी बोपदेव, वर्षाकाठी एखादी दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तेव्हा पुढचं सगळं सिंहगड न थांबता चढणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांनी आधी तो करावा.

पहिल्या पंचावन्न किलोमीटरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. जुना कात्रज घाट पहाटे सव्वापाचला, अंधारात. बोगदा ओलांडला की खेड-शिवापूरपर्यंत चाक आपोआप पळतं. थंडी एवढी की उतारावर बोटं ब्रेकच्या दांडीवर आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं, पातळ का होईना, हातमोजे पूर्ण बोटांचे न्या. हायवेवर कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहा. सर्व्हिस रोड मोकळा दिसला तरी उतरू नका, खड्डेही तिथेच आणि उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकलीही तिथेच. कापूरहोळला उजवीकडे वळलं की ट्रक संपतात. सव्वाआठला भोरमध्ये मिसळ खाल्ली.

पहिली चूक इथेच झाली. प्रत्येकाकडे दोन बाटल्या होत्या, त्यातली एकेक रिकामी, आणि ‘पुढे घेऊ की कुठेतरी’ म्हणत आम्ही निघालो. पुढच्या आंबवडे गावानंतर पार खिंडीपर्यंत त्या दिवशी आम्हाला एकही उघडं दुकान दिसलं नाही. दोन्ही बाटल्या भोरलाच भरा. तिसरी पाठीच्या खिशात ठेवा.

आंबवड्यापर्यंत रस्ता मोठा लाघवी आहे. कापून झालेली भातखाचरं, कोवळं ऊन, वाहन नावाला. तिथल्या झुलत्या पुलावर फोटो काढण्यात आम्ही वीस मिनिटं घालवली, ती पुढे उन्हात फेडावी लागली. निघताना रस्त्याकडेच्या एका मामांना विचारलं, ‘मामा, घाट केवढा आहे?’

‘घाट कसला ओ. ह्यो समोर दिसतोय तेवढाच.’

समोर अख्खा डोंगर दिसत होता.

घाट लांबीनं फार नाही. पण सिंहगड आपण पंचवीसेक किलोमीटर चालवून चढतो, रिकाम्या सायकलने, सकाळी सातला. इथे पासष्टच्या वर झालेले असतात, सीटखालच्या बॅगेत दोन दिवसांचे कपडे असतात, दहा वाजून गेलेले असतात आणि ऊन चांगलं तापलेलं असतं. माझ्या कॉम्प्युटरवर चढाचा आकडा बराच वेळ ८–९ टक्क्यांच्या खाली यायला तयार नव्हता. माझं पायडलजवळचं लहान दातेरी चाक चौतीस दात्यांचं, मागची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) अकरा ते अठ्ठावीस दात्यांची. ताशी साडेसहा किलोमीटरच्या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम बेचाळीस वेळा फिरत होतं, म्हणजे दम लागायच्या आधी गुडघेच बोलायला लागतात. मागे चौतीस दात्यांचं चाक असतं तर त्याच वेगाला पन्नासच्या वर फिरलं असतं आणि हा लेख बराच आनंदी झाला असता.

डावीकडे वळणारी आखूड वळणं वाईट. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चढताना डाव्या वळणावर आपण आतल्या बाजूला येतो, आणि रस्ता सगळ्यात उभा तिथेच असतो. वरून काही येत नसल्याची खात्री असेल तर मध्यापर्यंत बाहेर जाऊन वळा. खात्री नसेल तर उतरून चाला, लाज बाळगू नका. मी बाळगली. एका डाव्या वळणावर, आतल्या बाजूला, वेग पाचावर आला, पुढचं चाक लडखडलं आणि उजव्या बुटाची क्लीट (बूट पायडलला अडकवणारी खाच) सुटेना. माणूस सायकलवरून पडतो तेव्हा निदान वेगात पडावा. मी उभ्या उभ्या, कपाट कलंडावं तसा, सावकाश उजवीकडे कलंडलो. नेमका तेव्हाच मागून भाविकांचा टेम्पो आला. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून बरं. टेम्पोतल्या पंधरा-वीस जणांनी मला रस्त्यावर आडवा पाहिला आणि एकसुरात ओरडले, ‘काळूबाईच्या नावानं चांगभलं!’ त्यातल्या एका आजींनी वरून विचारलं, ‘नवस हाय का रं बाळा?’ मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? त्यांनी हातावर दोन केळी ठेवली. त्या दिवशीचं सर्वांत उपयोगी खाणं तेच.

क्लीटचा ताण चढाआधी सैल करून घ्या. पॅडलच्या मागे छोटा स्क्रू असतो, दोन-तीन टिचक्या उलट्या फिरवल्या तरी फरक पडतो. मला हे माहीत होतं. केलं नव्हतं.

काका? काकांची जुनी लोखंडी टूरिंग सायकल, पुढे तीन दातेरी चाकं, त्यातलं सगळ्यात लहान वाटीएवढं. ते आमच्या मागून आले, ‘चला, चला’ म्हणाले आणि गिरणी चालावी तशा लयीत पाय फिरवत निघून गेले. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा ते बूट काढून, कट्ट्यावर पाय पसरून शेंगदाणे खात बसले होते. महिन्यापूर्वी याच सायकलीला आम्ही ‘रणगाडा’ म्हटलं होतं.

खिंड हा नीरेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातला बांध. नीरेचं पाणी भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळतं, मग आपण एवढा उपद्व्याप करून इकडून तिकडे का जातो, असा थोर विचार मला तिथे सुचला. पण त्या खिंडीत उभं राहून पलीकडे पाहताना जे वाटलं ते सिंहगडावर कधीच वाटलं नाही. इथपर्यंतची सगळी शिवीगाळ मी मागे घेतली होती. अर्धा तासच.

कारण खरा वाईट टप्पा पुढे आहे. मांढरदेवीच्या काळूबाईच्या देवळाच्या फाट्यावरून वाईकडे उतरताना आम्हाला साधारण तीन किलोमीटरचा असा पट्टा लागला, जिथे डांबर उखडून खडी पसरली होती, रोलर फिरलेला नव्हता. खडी म्हणजे सुपारीएवढी, ताजी फोडलेली, कडा धारदार. त्यात उतार. पंचवीस मिलिमीटरचे टायर, हवा शंभर पीएसआय, म्हणजे चाक खडीवर टिकतच नव्हतं, गोट्यांवर पाय पडल्यासारखं सरकत होतं. पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरणार, मागचाच दाबला तर सायकल थांबत नाही. आम्हा दोघांचे ब्रेक रिमवर घासणारे. असा ब्रेक उतारभर धरून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटते, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. अर्ध्या वाटेत मनगटांनी हात टेकले. चढताना पाय गेले होते, उतरताना हात गेले.

आणि मग मित्राचं मागचं चाक, फुस्स. टायरला कडेला बोटभर चीर.

इथला तपशील नीट वाचा, आमचा सव्वा तास गेलाय. मित्राची चाकं दिखाऊ, पन्नास मिलिमीटर खोल रिमची. त्याची एकमेव जादा ट्यूब आदल्या आठवड्यात वापरून झालेली, नवी घेतली नव्हती. माझ्याकडे दोन होत्या, पण त्यांचा व्हॉल्व्ह अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा. आत बसवल्यावर रिमच्या भोकातून व्हॉल्व्हचं टोकसुद्धा बाहेर दिसेना. पंप कशाला लावणार? व्हॉल्व्ह लांबवायचा तुकडा बोटाच्या पेराएवढा असतो, वजन काहीच नाही, तो तिघांपैकी एकाकडेही नव्हता. म्हणजे जुनीच ट्यूब जोडायची. सोल्युशनची नळी उघडली तर आत सुकून खडा. नळी एकदा फोडली की काही महिन्यांत सुकतेच, बॅगेत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शेवटी काकांच्या डबीत बिनसोल्युशनचे चिकट पॅच निघाले. ट्यूब घासून पॅच लावला, टायरच्या चिरेला आतून राजगिऱ्याच्या चिक्कीचा कागद चौपदरी करून दिला आणि हवा साठच्या आसपासच ठेवली. तो जुगाड वाईपर्यंत टिकला. वाईच्या पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हकडे पाहून ‘असला कसला वाल?’ म्हणून हात जोडले, कारण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, नखाएवढा. तोही ठेवा.

माझं मत विचाराल तर अठ्ठावीसपेक्षा बारीक टायर घेऊन या बाजूने उतरूच नका. हवा वजनाप्रमाणे, पण शंभर नको. मी अठ्ठ्याहत्तर किलोचा, पुढच्या वेळी अठ्ठावीसला पंच्याहत्तर-ऐंशी ठेवणार. तुम्ही जाल तोवर रोलर फिरला असेल तर नशीब. तरी आदल्या दिवशी वाईतल्या कुणाला तरी फोन करून विचाराच, आणि चारचाकीवाल्याला विचारू नका, त्याला रस्ता ‘ओके’ असतो.

वाईला पोचलो अडीचला. दोनशेच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. इथे जेमतेम शंभरीला नऊ झाले होते आणि पसरणी घाट बाकी होता.

पसरणीला मात्र नावं ठेवणार नाही. साधारण बारा किलोमीटर, चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आत, आणि मुख्य म्हणजे एकसारखा. एका लयीत बसलं की बसलं. खाली धोमचं पाणी दिसतं. त्रास चढाचा नाही, शनिवार दुपारच्या गाड्यांचा. हॉर्न वाजवून जाणारे परवडले. खिडकीतून मोबाइल काढून आपला व्हिडिओ घेत, आपल्याच वेगाने शेजारून चालणारे जास्त धोक्याचे. मागे रांग लागते आणि मग सगळे मिळून आपल्याला कठड्याकडे दाबतात. जमलं तर पसरणी सकाळी अकराच्या आत उरका. मांढरदेवीमार्गे आलात तर ते जमणारच नाही, म्हणजे हाही त्या शॉर्टकटचाच खर्च.

पाचगणीत मुक्काम. फोनवर तिघांची खोली बावीसशे ठरली होती. काउंटरवर पस्तीसशे. का, तर ‘वीकेंड आहे सर’. आम्ही काय मंगळवार सांगून बुक केलं होतं? वर सायकलींचे प्रत्येकी दोनशे, आणि त्याही आत नाही, मागे जनरेटरशेजारी. मी तेव्हा दमलो होतो, घामाचं मीठ तोंडावर सुकलं होतं, आणि समोरच्याला ते दिसत होतं. असा माणूस दुसरं हॉटेल शोधत फिरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अर्धा तास हुज्जत घातल्यावर तीन हजार आणि सायकली खोलीच्या गॅलरीत, एवढ्यावर मिटलं. ते मिटवलंही काकांनी, हळू आवाजात, मॅनेजरला ‘बेटा’ म्हणत. माझ्या ओरडण्याचा शून्य उपयोग झाला. तुम्ही दर, वार, माणसं आणि सायकल खोलीत ठेवणार हे सगळं मेसेजवर लिहून घ्या, थोडे पैसे आगाऊ पाठवा आणि तो मेसेज काउंटरवर दाखवा.

रविवार चांगला गेला. पसरणी उतरलो, वाई, सुरूर, मग हायवे. खंबाटकीला पुण्याकडे येताना घाट लागत नाही, बोगदा आहे. आत मागचा लाल दिवा चालू हवा आणि काळा चष्मा आत शिरण्याआधी काढायचा. दुपारी दोनला घरी.

आता जायचं की नाही? शनिवारी संध्याकाळी विचारलं असतं तर माझं उत्तर छापण्यासारखं नव्हतं. आज सोमवार आहे, जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतोय. तरी सांगतो, जा, पण उलटे जा. पहिल्या दिवशी हायवेने खंबाटकी चढून वाई, तिथेच मुक्काम. रविवारी पहाटे वाईकडून मांढरदेवी चढा. ती खडी चढताना लागली तर वेग इतका कमी असतो की टायर कापला जायची भीती कमी, हात मोकळे, आणि भोरकडचा चांगला रस्ता उताराला मिळतो. पाचगणी सोडून द्या, तिथे सायकलवाल्याला काही नाही. पौष पौर्णिमेच्या जत्रेच्या आसपास मात्र त्या रस्त्याकडे फिरकू नका. मंगळवार, शुक्रवार, रविवारीही देवीला गर्दी असते, म्हणून रविवारी खिंड साडेआठच्या आत ओलांडायची.

मी अकरा-चौतीसची कॅसेट मागवली. दुकानदाराने आज फोन करून सांगितलं की माझा मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शॉर्ट केजचा (आखूड दांडीचा) आहे, त्याला एवढं मोठं दातेरी चाक झेपणार नाही. डीरेलर बदलायचा, मग चेनही लांब घ्यायची. काकांना विचारलं, तुमची ती तीन चाकांची सायकल विकायची आहे का? नाही म्हणाले.