अर्ध्याचा डोळा

“आबा, तुझा सात कुठल्या रंगाचा?” बारक्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत टीव्हीकडं वळला. दुपारपासून तेवढंच डोक्यात आहे. सगळा जन्म गुळाच्या अडतीवर आकड्यांत गेला, पण साताला रंग असतो हे कुणी बोललं नव्हतं.

त्याचा सात इंद्रधनुष्याच्या रंगांचा. ‘नंबरब्लॉक्स’ म्हणून विलायती कार्टून मालिका आहे. बीबीसीच्या लहान मुलांच्या सीबीबीज वाहिनीवर २०१७ साली सुरू झाली, आता आमच्या सोप्यात मुक्कामाला आहे. जेवढा अंक तेवढे ठोकळे, आणि त्याला डोळे, तोंड, स्वभाव. एक लाल. दोन नारिंगी, चष्मेवाला. तीन पिवळा, सारखा ‘माझ्याकडं बघा’ करणारा. आठ म्हणजे आठ भुजांचा सुपरहिरो. एकावर दोन बसला की तीन होतो, आवाजसुद्धा बदलतो. नऊला शिंक आली की त्याचे तुकडे. पाच मिनिटांत भाग संपतो. पोराला काहीच पाठ करावं लागत नाही, आणि तरी येतं. हेच डाचतंय.

आम्ही दिवेलागणीला परवचा म्हणायचो. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी; म्हणजे पाव, अर्धा, पाऊण करत थेट साडेतीनपर्यंतचे पाढे. चुकलं की पाठीत धपाटा. पुढं त्याच्यावरच पोट भरलं. शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी करताना दिवाणजीनं कॅल्क्युलेटर काढला की मला हसू यायचं. माझा आकडा तोवर तयार असायचा. आता तो आकडा कुणाला पाहिजे? ही दीडकी कुणाला तरी द्यावी असं अलीकडं फार वाटतं. याच्या बापाला दिली नाही. सीझनमध्ये मी घरी यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा. असो.

सूनबाई म्हणाली, “आबा, तुम्ही शिकवा की, कोण नको म्हणतंय?” चांगल्या मनानंच म्हणाली. पण ‘कोण नको म्हणतंय’ हे काय बोलावणं झालं? तरी बसलो. दीडकी सुरू केली. बारक्या शांतपणे ऐकून म्हणाला, “दीड दिसतो कसा? वरच्या अर्ध्या ठोकळ्याला डोळा कुठं काढायचा?”

ही असती तर पोट धरून हसली असती.

रुसून आत जाणार होतो, पण पडद्यावर चार आला. चौरस आहे याचा त्याला कोण अभिमान! नऊही चौरस, सोळाही चौरस. चार चोक सोळा म्हणत म्हातारा झालो, पण सोळा असा चारी बाजूंनी सारखा, रुबाबात उभा... नाही, बघितला होता की! हमाल गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचायचे तेव्हा. चाराच्या चार ओळी, मोजायचं कामच नाही, नुसती नजर टाकायची. शाळेचं तोंड न बघितलेले हमाल होते ते. बीबीसीनं त्या रव्यांना डोळे तेवढे लावले म्हणायचे.

बारक्याला सांगितलं. त्याला पटलं. फक्त विचारलं, “रवे बोलायचे काय?”

“दर चांगला निघाला की बोलायचे.”

“कसल्या आवाजात?”

आता याला काय सांगू. माझ्या मालकाच्या आवाजात, म्हटलं.

दीडाचं मात्र अडून बसलंय. त्याला एकच डोळा देऊ असं मी सुचवलं, तर म्हणतो, “आबा, एकाला आधीच एक डोळा आहे, मग अर्ध्याला अर्धा पाहिजे.” हिशेबात चूक काढता येईना. आता अर्धा म्हणजे अर्धा कापायचा की अर्धा मिटायचा, यावर जेवताना वाद झाला. सूनबाई मिटायच्या बाजूनं आहे. मी कापायच्या. उद्या रंगीत खडू आणायला मला पिटाळणार आहेत. आणि औटकीबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही.