फ्लॉरेन्सच्या पेठेत गाडी घालू नका

म्युनिकमधल्या पुणेकरांचा पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या लाँग वीकेंडचा बेत ठरलेला: चार मित्र, एक भाड्याची गाडी आणि फ्लॉरेन्स. सुट्टीहून परत येईपर्यंत सगळं छान वाटतं. जुन्या शहरात परवानगीशिवाय गाडी घातल्याच्या दंडाची नोटीस यायला कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे पुढच्या वर्षीची तिकिटं काढायच्या सुमारासही ती दारात येऊ शकते.

अंतर साधारण ६५० किलोमीटर. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे तिथले हायवे वापरायचा पास, घ्याच, पण ब्रेनर घाटाचा टोल त्यात येत नाही, तो वेगळा भरावा लागतो. इटलीच्या टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या लेनपासून लांब राहा. आपल्या फास्टॅगसारखीच ती, यंत्र नसेल तर अडकलात. पुण्याचं लायसन्स असलेला कुणी चालवणार असेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढून आणायला सांगा.

ब्रेनरला गर्दी असतेच, त्यात २०२५ पासून तिथल्या लुएग पुलाचं काम. एक्स्प्रेसवे तुंबला की आपण खंडाळ्याला जुन्या हायवेवर उतरतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात ही हुशारी चालत नाही. सुट्ट्यांच्या मोसमात शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी, नुसतं पार होणाऱ्या गाड्यांना ठरावीक ठिकाणी हायवे सोडून गावात शिरायला बंदी असते. पोलीस उभे असतात आणि परत पाठवतात. राग येतो, पण नियम बरोबर आहे. लोणावळेकरांना विचारा.

खरा दणका मात्र फ्लॉरेन्सचा. जुन्या शहराभोवती झेडटीएल, म्हणजे ठरावीक वेळी फक्त परवानगीच्या गाड्यांना प्रवेश. फाटक नाही, साखळी नाही, शिट्टी मारणारा मामा नाही. लाल कडेचा पांढरा गोल फलक, त्याखाली वेळा आणि वर कॅमेरा. पाटीवर 'वार्को आत्तिवो' उमटलेलं असतं. 'नाका चालू आहे' असं वाचून लोक निर्धास्त आत जातात. चालू असतो तो कॅमेरा, तुमच्यासाठी रस्ता बंद असतो! मोबाइलवरचा नकाशा हॉटेलच्या दारापर्यंत नेतो, झेडटीएलचं दर वेळी सांगेलच असं नाही.

दंड किमान ८३ युरो, शिवाय टपालखर्च. नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरला तर दंडात ३० टक्के सूट. वाट चुकून दोन नाके ओलांडलेत, तर दोन दंड होऊ शकतात. गाडी भाड्याची असेल तर तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कंपनी आधीच कार्डावरून कापते. तो दंड नव्हे, दंड मागून येतोच. हॉटेल आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा आणि नोंद झाल्याचं लेखी मागून घ्या. 'हो हो, करतो' यावर विसंबू नका.

लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, म्हणजे वर्षातून एक दिवस. म्हणून 'इटलीकडून शिका' असं म्युनिकची मंडळी ऐकवतात. शिकावं, पण आपल्या पेठांत अजून होलसेलचा माल उतरतो. आणि पुण्यात ई-चलन असलं तरी चौकात मामाही असतो, त्याच्याशी वाद घालता येतो. कॅमेऱ्याशी काय बोलणार?

गाडी व्हिला कोस्तान्झाला लावा. २०१७ मध्ये झालेला हा वाहनतळ ए-१ हायवेलाच लागून आहे, टोलनाक्यातून बाहेर पडावंच लागत नाही. तिथून टी-१ ट्राम वीसेक मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला सोडते. काचेतून दिसेल अशी एकही बॅग गाडीत ठेवू नका.

पेंटेकॉस्टचा सोमवार जर्मनीत सुट्टीचा, पण उफीझी आणि आकादेमिया सोमवारी सहसा बंद, म्हणून संग्रहालयं रविवारीच उरका. कॅथीड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायला वेळ आधी आरक्षित करावी लागते. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही.

सोमवारी कॅशिने बागेत जा, तिथे तिकीट लागत नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये विशीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांची छत्री आहे, आत रंगवलेला अर्धपुतळा. शेजारच्या पुलाचं नावच 'इंडियानो'. टी-१ ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकाला उतरवते आणि छत्री थेट दुसऱ्या टोकाला आहे. बाग साडेतीन किलोमीटर लांब, तेव्हा पाण्याची बाटली घेऊनच चालायला लागा.